दोन दरबारांमधला षड्ज

परतून पंधरा दिवस झाले, तरी ट्रंकेचे झाकण उघडले की आतून खाडीचा खारट, दमट वास येतो. पातळे धुतली, उन्हात घातली. वास गेला नाही. आता तो घालवण्याचा प्रयत्नही मी सोडला आहे. घाटावरच्या ज्या भगिनींनी कल्याण-डोंबिवली पाहिलेली नाही आणि ती पाहण्याचे कारणही ज्यांना बहुधा पडणार नाही, त्यांच्यासाठी हे सहा दिवस लिहून ठेवते.

प्रवास माझा नव्हता. मी सोबत होते. आमच्या छोट्याशा संस्थानच्या वाड्यात मी अकरा वर्षे काव्य शिकवीत आले. माझ्या शिष्या आक्कासाहेब या सरकारांच्या धाकट्या भगिनी. श्लोक त्यांना लवकर पाठ होत, पण त्यांचे मन बीनेत, म्हणजे रुद्रवीणेत, होते. ती त्यांनी आपल्या वडिलांकडून, थोरल्या सरकारांकडून घेतली होती. दोन भोपळ्यांवर तोललेली ती लांब काठी त्यांनी खांद्याशी टेकवली की दालनातली हवा तळ्याच्या पाण्यासारखी जड आणि निवळ होई.

आता सुराविषयी सांगणे भाग आहे. आमच्या नगारखान्यातल्या सनईचा जो षड्ज, तोच वाड्यातल्या प्रत्येक वाद्याचा षड्ज. देवळातली घंटासुद्धा त्यालाच मिळवून ओतलेली. नदीपलीकडच्या संस्थानचा षड्ज आमच्याहून किंचित वर. आमचे घराणे स्वतःला सूर्याचे म्हणवते, ते चंद्राचे. मूळ पुरुष सख्खे भाऊ होते म्हणतात. पण वेगळे झाल्यापासून एका दरबारचा वादक दुसऱ्या दरबारच्या वादकाबरोबर कधी बसला नाही. बसला असता तरी सूर जुळला नसता, आणि तो जुळवणे म्हणजे शरण जाणे.

संस्थाने विलीन होऊ लागली त्या हिवाळ्यात मात्र पलीकडून निरोप आला, की दोघांनी मिळून एक संघ करावा आणि मग दिल्लीशी बोलावे. त्या कराराची मोहोर म्हणून आक्कासाहेबांचा हात त्यांच्या युवराजांसाठी मागितला होता. आमच्याकडे पाहुण्यांसमोर बीन वाजे ती चिकेआडून, म्हणजे बांबूच्या बारीक कामट्यांच्या पडद्याआडून. पलीकडची रीत अधिक कडक होती: सुनेचे वाद्य देवडीबाहेर ऐकूच जाता कामा नये. माघी पौर्णिमेपर्यंत उत्तर द्यायचे होते. त्या दोन ग्रहगोलांच्या ओढाताणीत एक वीणा सापडली होती, आणि ते तिच्याखेरीज कोणाच्या फारसे लक्षात आलेले नव्हते.

माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण सुमती डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळेला संगीत शिकवणारी बाई हवी होती. मी आक्कासाहेबांना विचारून तिला पत्र घातले. सरकारांकडे परवानगी मागितली ती अंबरनाथच्या दर्शनाची. ती देताना ते एवढेच म्हणाले, "बीन नेताहात तर न्या. कुठं वाजवायची वेळ आली तर चिक बांधून." आणि जुने कारभारी आबाजी यांना चिकेसह आमच्याबरोबर दिले.

कल्याण

घाट उतरताना प्रथम कान बदलतात आणि मग नाक. आमच्याकडची हवा कोरडी. तिला वास असतो तो उन्हाचा आणि बाजरीच्या कणसांचा. इथली हवा ओलसर हातासारखी गालाला लागते. स्टेशनाबाहेर टांग्यात आम्ही गोधडीत गुंडाळलेली बीन आडवी ठेवली, तेव्हा गोधडी सरकून एक भोपळा उघडा पडला. डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली एक आगरी बाई थांबली. तिच्या नाकातली नथ उन्हात लखलखत होती.

"काय गो बाय, ह्यो भोपला इकाया आनलाव काय?"

आबाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, ही बीन आहे! दरबारची!"

"बीन?" तिने भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली. आतून घुमारा उठला. ती क्षणभर ऐकत राहिली आणि म्हणाली, "मंग सुकलाय त्यो बरा झाला. ओला आसता तं कुनीतरी भाजी केली आसती."

आक्कासाहेब हसल्या. त्यांच्या वाद्याला परक्या माणसाचे बोट लागले, हे आयुष्यात प्रथमच घडले होते. मला वाटले होते त्या रागावतील. त्या मात्र टांगा सुटल्यावरही वळून त्या बाईच्या पाठमोऱ्या, ताठ चालीकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला गेलो, कारण तसे सांगून निघालो होतो. पुरातन शिवालय आहे, काळ्या दगडाचे. गाभारा जमिनीच्या खाली. पायऱ्या उतरताना दगडाचा गारवा आधी तळपायाला लागतो, मग पोटऱ्यांना, आणि शेवटी कपाळाला. खाली ओला बेल, तेल आणि वटवाघळांचा उग्र वास. आक्कासाहेबांनी हात जोडून अगदी हळू एक सूर लावला. दगडाने तो घेतला आणि मोठा करून परत दिला.

"आपलाच आहे," त्या पुटपुटल्या. आमच्या नगारखान्याचा षड्ज. घरापासून इतक्या दूर त्यांना तो नुसत्या स्मरणातून नेमका सापडत होता.

डोंबिवली

डोंबिवली हे गाव अजून शेतात पाय बुडवून उभे आहे. स्टेशनापासून दहा मिनिटे चालले की कौलारू घरे, विहिरी, आंब्याची झाडे, आणि भात कापून नेल्यावर उरलेली धसकटे. विजेचे दिवे थोडे, डास उदंड. पण प्रत्येक ओसरीवर कोणी ना कोणी वर्तमानपत्र वाचत असतो आणि शेजाऱ्याला मोठ्याने सांगत असतो.

सुमतीने आम्हांला दारातच मिठी मारली. म्हणजे मला मारली आणि त्याच ओघात आक्कासाहेबांनाही. आबाजी दचकले.

"या हो, या! पाय धुवून घ्या, पान वाढलंयच," ती म्हणाली. "बिरडं आवडतं ना तुम्हांला? मी रात्रीच वाल भिजत घातले होते."

सोललेल्या वालांचे ते बिरडे आणि मऊ भात! वालांचा किंचित कडसर स्वाद, त्यावर ओल्या नारळाचा गोडवा आणि मागाहून येणारी आमसुलाची चव. भाकरीवर वाढलेल्या माझ्या जिभेला तो सगळा प्रकार फार हळुवार वाटला. आमच्याकडे आक्कासाहेबांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी हात लावीत नाही. इथे सुमतीचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, केव्हाच जेवून ताकावर आले होते. आक्कासाहेब वाट पाहत बसल्या होत्या, कोणी तरी सार वाढेल म्हणून. शेवटी सुमतीने पातेले त्यांच्यापुढे सरकवले.

"घ्या हो हातानं. इथं वाढपी नाहीत."

त्यांनी पळी उचलली. अर्धे सार वाटीत पडले, अर्धे पाटावर. "पहिल्या दिवशी माझंही असंच झालं होतं," सुमती म्हणाली. ते उघड खोटे होते, पण त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

जेवणानंतर खरा विषय निघाला. रविवारी दुपारी शाळेत पालक आणि कमिटीचे सभासद बीन ऐकायला जमणार होते. नोकरीचा बेत मी आबाजींना वाटेतच सांगितला होता; त्यांनी चिक कुठे बांधता येईल ते विचारले.

"चिक?" सुमतीचा आवाज चढला. "अहो आबाजी, मुलींना शिकवणारी बाई मुलींना दिसायला नको? पडद्याआडची बाई कमिटी नेमायची नाही. स्पष्टच सांगते."

"आणि चिक नसेल तर ही गोष्ट चार दिवसांत नदीपलीकडे पोहोचेल," आबाजी तितक्याच शांतपणे म्हणाले. "सोयरीक मोडेल. संघ मोडेल. मी सरकारांना काय तोंड दाखवू?"

दोघांनीही आक्कासाहेबांकडे पाहिले. त्या पाटावरचे सार पुसत होत्या. "रविवारला अजून तीन दिवस आहेत," एवढेच त्या म्हणाल्या.

सकाळी आम्ही शाळा पाहायला गेलो. शेणाने सारवलेला एक लांब वर्ग, भिंतीवर नकाशा, आणि प्रार्थनेसाठी एक जुनी पेटी. मास्तरांनी भाता हलवताच, कोणतीही पट्टी न दाबता, तिच्यातून एक सूर गुणगुणू लागला. मुली त्याच सुरात प्रार्थना म्हणू लागल्या.

"स्वर अडकलाय तिचा," मास्तर ओशाळून म्हणाले. "दुरुस्त करणारा मिळत नाही. मुलींना आता त्याचीच सवय झालीय."

आक्कासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. वाड्यात पेटीला मज्जाव होता. "आजारी आहे बिचारी," त्या म्हणाल्या.

खडवली

बीनेला साथ पखवाजाची लागते, आणि त्या भागात पखवाजी एकच: खडवलीचे नाना गुरव. मास्तरांनी नाव सांगितले तेव्हा नाना मूळ कुठले हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्हांलाही नदीकाठच्या त्यांच्या अंगणात पोहोचेपर्यंत नव्हते.

खडवली हे लहानसे खेडे आहे. नदी उथळ, स्वच्छ. तळाचे गोटे मोजता यावेत अशी. देवळाशेजारच्या घरात सत्तरीचे नाना वाल सोलत बसले होते. आक्कासाहेबांचे नाव ऐकताच ते उठले आणि त्यांनी मुजरा केला. तो मुजरा पाहून आबाजी सावध झाले. आमच्याकडचा मुजरा तीन वेळा. हा दोनच वेळा होता.

"आपण आमच्या नदीपलीकडच्या संस्थानचे?" आबाजींनी विचारले.

"तीस वर्षं वाजवला त्या दरबारात," नाना म्हणाले. "काटकसर सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा हत्ती विकला, मग आम्हांला घरी पाठवलं. हत्तीला निदान किंमत आली." आणि दात नसलेले हसू हसले.

त्यांच्या पत्नीने तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि मुळ्याची भाजी वाढली. भाकरी इतकी पांढरी आणि पातळ की तिच्यातून उजेड दिसावा. पोटे भरल्यावर वाद्ये निघाली. आक्कासाहेबांनी तार छेडली, नानांनी पखवाजाच्या चामडी पुडीवर थाप दिली, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या दोन भांडखोर शेजारणींसारखे वाजले.

"आक्कासाहेब, जरा वर घ्यावं," नाना म्हणाले.

"तुम्हीच खाली या, नाना."

"खाली? आमच्या सरकारांच्या सुरावर चढवलेली पुडी आहे ही. तुमच्याकडचा सूर, माफ करा, जेवून सुस्तावल्यासारखा वाटतो."

"आणि तुमच्याकडचा उपाशी!" आक्कासाहेबांचे डोळे चमकले. "उपाशी माणसासारखा टाचा उंचावून उभा असतो सारखा."

"ज्या सरकारांनी घरी धाडलं त्यांचाच सूर राखताय?" मी न राहवून म्हणाले.

नाना पखवाजावरून हात फिरवीत राहिले. "त्यांनी मला सोडलं, बाई. मी सूर कुठं सोडलाय? दुसरं काय आणलं मी तिथनं?"

आक्कासाहेबांनी मान खाली घातली. त्यांच्याही वडिलांनी जाताना मागे ठेवले होते ते एवढेच. पुढे कोणी कोणाला उणे बोलले नाही. पण सूरही कोणी सोडला नाही. निघताना नाना म्हणाले, "रविवारी येतो. सुराचं तिथं बघू." परतीच्या वाटेवर आक्कासाहेब नदीकडे पाहत होत्या. "बाई," त्या मला म्हणाल्या, "साथ जमली नाही तर चिकेचा प्रश्नच उरणार नाही. मग पौर्णिमेचं उत्तर ठरलेलंच आहे."

पुन्हा डोंबिवली

रविवारी सकाळी मी न्हाऊन आले तो खोलीचे दार आतून लावलेले. थोड्या वेळाने आतून चाबकासारखा एक आवाज आला. दार उघडले तेव्हा आक्कासाहेबांच्या बोटाला रक्त होते आणि तुटलेली पितळी तार जमिनीवर वेटोळे करून पडली होती. जवळची एकच जादा तार त्यांनी चढवली होती.

"काय केलंत हे?"

"वर घेतला," त्या म्हणाल्या. "नानांच्या सुराला. म्हाताऱ्या माणसाकडून काय काढून घ्यायचं? मला अजून पुष्कळ मिळेल." मग बोट तोंडात धरून लहान मुलीसारख्या पुटपुटल्या, "आबांना राग येईल का हो?" आबा म्हणजे त्यांचे वडील. मी त्यांचे डोके जवळ घेतले. अकरा वर्षांत एवढे धाडस मी केले नव्हते.

दुपारी वर्ग माणसांनी भरला. पालक, कमिटी, पुढे चटईवर मुली, आणि सगळीकडे तेल लावून विंचरलेल्या केसांचा आणि अबोलीच्या गजऱ्यांचा वास. आबाजींनी हट्टाने चिक बांधली होती. सुमतीने ओठ आवळून ती पाहिली, पण दोर सोडला नाही. आक्कासाहेब चिकेच्या आत, नाना बाहेर. कारण चारचौघांत ते परदरबारचे पुरुष.

आक्कासाहेबांनी मुलतानीचा पहिला स्वर लावला. तो नवा, उंच आणि थोडा कापरा होता. नानांनी थाप दिली.

सूर जुळला नाही.

मी आ वासून ऐकत राहिले. बीन वर गेली होती, आणि पखवाज खाली आला होता. नानांनी कालचा सारा दिवस पखवाजाच्या चामडी वाद्यांखालचे लाकडी गट्टे ढिले करण्यात घालवला होता, डाव्या पुडीला कणीक थापून थापून तिचा आवाज उतरवला होता, आक्कासाहेबांच्या, आमच्या, जेवून सुस्तावलेल्या सुराला. दोघांनी एकमेकांसाठी आपापला दरबार सोडला होता, आणि वाटेत एकमेकांना ओलांडून गेले होते.

"अरे देवा," नाना म्हणाले. "तुम्ही वर गेलात?"

चिकेआडून आवाज आला, "तुम्हांला खाली कुणी यायला सांगितलं होतं, नाना?"

आणि मग त्या हसल्या. पुरुषांनी भरलेल्या त्या वर्गात, मोकळ्या आवाजात. चटईवरच्या मुलींना ते हसू आधी कळले, त्याही हसल्या. पण कमिटीतले एक गृहस्थ घड्याळ पाहू लागले होते. बीन परत पूर्ण खाली उतरवावी तर नव्या तारेचे काय होईल याची धास्ती, आणि नानांनी पुन्हा सगळे चढवायचे तर संध्याकाळ झाली असती.

"अहो, मग मधे भेटा की!" सुमती मागून ओरडली. तिने मास्तरांना खूण केली. मास्तरांनी पेटीचा भाता हलवला. आजारी पेटीतून तो अडकलेला सूर निघाला: आमच्याहून थोडा वर, पलीकडच्यांहून थोडा खाली. कोणत्याही दरबाराने तो कधी लावलेला नव्हता.

नानांनी कान दिला. मग हातोडी घेऊन गट्टे हळूहळू ठोकू लागले. आत खुंटी कुरकुरली. पण चिकेच्या कामट्यांतून पेटीचा बारीक सूर नीट पोहोचत नव्हता आणि नानांचा हात दिसत नव्हता. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आक्कासाहेबांनी तार सोडून दिली.

"आबाजी," त्या म्हणाल्या, "चिक वर घ्या."

आबाजी दोरीपाशी उभे होते. चाळीस वर्षे त्यांनी ती चिक बांधली आणि सोडली होती. त्यांनी आक्कासाहेबांकडे पाहिले नाही, सुमतीकडे पाहिले नाही. समोर पाहिले, तिथे चटईवर बसलेल्या मुली माना वाकड्या करून कामट्यांच्या फटीतून आत पाहण्याची धडपड करीत होत्या.

"सरकारांनी चिक बांधायला सांगितलं होतं," ते सावकाश म्हणाले. "बांधली. वर घ्यायची नाही, असं काही सांगितलेलं नाही."

आणि त्यांनी दोरी ओढली.

त्यानंतर जे वाजले त्याचे वर्णन मी करणार नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला आपल्या शब्दांची लांबीरुंदी ठाऊक असते. एवढेच सांगते, की दुपारचे ऊन कौलांच्या फटींतून शेणाच्या जमिनीवर पडले होते, त्यात धुळीचे कण तरंगत होते, आणि त्या आलापाबरोबर तेही थांबत आणि चालत आहेत असे मला वाटले. दारात मिठाची पाटी उतरवून एक आगरी बाई उभी होती. कल्याणची तीच की दुसरी, मला नथीवरून ओळखता आले नाही.

कमिटीने फार वेळ घेतला नाही. मुलींनी तर आधीच "बाई, आम्हांला हात लावू द्या ना!" म्हणून बीनेभोवती कडे केले होते, आणि बाई हात लावू देत होत्या.

परत

आक्कासाहेब तिथेच राहिल्या. सुमतीच्या शेजारची एक खोली त्यांना मिळाली आहे. दर आठवड्याला नाना खडवलीहून येतात. मी आणि आबाजी दोघेच परतलो. गाडीत मी पाहिले तर आबाजींच्या काखेत काही नव्हते.

"चिक विसरलात?"

"नाही. पश्चिमेच्या खिडकीला बांधून आलो. दुपारचं ऊन फार येतं त्या खोलीत." आणि ते बाहेर पाहू लागले.

बातमी आमच्याआधी पोहोचली होती. पलीकडून सोयरीक मोडल्याचे पत्र आले, संघाची बोलणी थांबली, आणि सरकारांनी एकट्याने विलीनीकरणावर सही केली. मला बोलावणे आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला शाईचा डाग होता. मी बोलणी खाण्याच्या तयारीने गेले होते. आबाजी माझ्या मागे उभे होते. नगारखाना महिनाअखेर बंद व्हायचा होता. वर सनईवाला संध्याकाळसाठी सनईच्या तोंडाची पत्ती ओली करीत असावा.

सरकारांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "बाई, एकच सांगा. आमच्या सुरात वाजवलं, की त्यांच्या?"

मी त्यांना पेटीची हकीकत सांगितली. ती ऐकताना त्यांनी मान वर केली नाही.

"कसा होता तो सूर? लावून दाखवा."

मी गाणारी नाही. त्या वाड्यात मी कधी ओळही गुणगुणले नव्हते. पण डोंबिवलीपासून तो सूर कानात घेऊन आले होते. डोळे मिटले, चटईवरच्या मुली आठवल्या, आणि लावला. तेवढ्यात वर सनई सुरू झाली. आमचा जुना षड्ज खिडकीतून आत आला आणि माझ्या सुराशेजारी उभा राहिला. सरकार दोन्ही ऐकत होते.

"थोडा वर आहे," ते शेवटी म्हणाले. मग डाग पडलेले बोट त्यांनी क्षणभर ओठांवर धरले. "पण तिच्या गळ्याला तोच सूर शोभतो, असं आमचे आबा नेहमी सांगायचे."